हात धुऊ नका, वैनी

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघालेले शब्द म्हणजे ‘हात धुवा’. सुइणींना म्हटलं, बाळंतिणींना म्हटलं, त्यांच्या सासवांना म्हटलं. नागपूरहून तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबालाही म्हटलं आणि त्यानं निमूटपणे धुतले. अमरावतीत बायका माझ्या पाठीमागे मला ‘हातधुवी’ म्हणत, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पण याच तोंडानं मी एका घरात बाळंतिणीच्या खोलीतला पाण्याचा तांब्या उचलून बाहेर ठेवला आणि हात धुऊ नका म्हणून दारात बसले. दिवाळी अंकासाठी संपादकांना माझ्याकडून गमतीजमती हव्या आहेत. त्या आहेत पुष्कळ, पण लिहायला बसलं की मला तेच घर आठवतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, म्हणजे हुकूम नागपूरहून सुटायचे आणि उन्हात आम्ही फिरायचो. मी वरुडकडची, माळ्याची पोर. घरी संत्र्याची झाडं, बांधाला झेंडू. लग्न लवकर झालं, नवरा त्याहून लवकर गेला, आणि थोरल्या भावानं लोकांची बोलणी खाऊन मला अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला घातलं. शिकल्यावर घरोघर जाऊन बाळंतपणं करायची, उकळलेल्या कात्रीनं नाळ कापायची, बारशापर्यंत रोज जाऊन आई आणि मूल दोघांना पाहायचं, असं ते काम. त्या काळी पुष्कळ घरांत विळ्यानं नाळ कापून वर राख नाहीतर शेण लावत. आठवड्याच्या आत मुलाचा जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचं आणि मूल जायचं. याला धनुर्वात म्हणतात. लोक म्हणत, सटवीनं नेलं. म्हणून माझं आपलं एकच पालुपद होतं.

भीती घालवण्याचं काम माझ्या नेमणुकीत कुठं लिहिलेलं नव्हतं. ते मी आधी स्वतःवर शिकले. शिकाऊ असताना रक्त पाहिलं की माझे डोळे फिरत. आमच्या मोठ्या नर्सबाई मद्रासकडच्या, मराठी तोडकीमोडकी, बोलणं कडक. त्यांनी मला घरी हाकललं नाही. आधी रक्तानं भरलेल्या चादरी भिजवायला बसवलं. मग शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात उभं केलं, मग आत भिंतीशी, मग टेबलाजवळ तबक धरून. त्यांची अट एकच होती. छाती धडधडत असताना जागा सोडायची नाही, धडधड उतरली की खुशाल जा. भीती तापासारखी चढते आणि तापासारखीच उतरते, पण आपण दरवेळी ती चढतानाच पळतो, म्हणून ती आपणहून उतरते हे आपल्याला कधी कळतच नाही. हल्ली मोठ्या शहरांतले मनाचे डॉक्टर याच रीतीनं उपचार करतात असं माझी पुतणी सांगते. आमच्या वेळी याला नाव नव्हतं, पण गुण येत होता.

पुढं काही काळ मी अकोल्याच्या दवाखान्यात होते. तिथं एका कापसाच्या जिनातला इंजिनवाला आला. दिवसभर वाफेच्या इंजिनाशी झोंबणारा गडी, पण पिसाळलेलं कुत्रं चावलेलं आणि पोटात सुया घ्यायच्या म्हटल्यावर खिडकीतून उडी मारून पळालेला. बायको पायरीवर बसून रडत होती, कारण सुया घेतल्या नाहीत तर तो मरणार हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. कंपाउंडर म्हणाला, चौघं मिळून धरू. मी म्हटलं, आज धराल, उद्याच्या सुईला हा अकोल्यात तरी सापडेल का? मग मी त्याला अंगणात गाठलं आणि सुई न लावलेली नुसती पिचकारी हातात दिली. “पाहा, तुमच्या इंजिनासारखाच दट्ट्या आहे आत.” त्यानं तो मागेपुढे करून पाहिला, हे घट्ट बसत नाही म्हणून नावंही ठेवली. मग सुई लावून घरच्या संत्र्यात टोचायला लावलं. मग दुसऱ्या रोग्याला टोचताना जवळ बसवलं. घाम फुटला, पण उठू दिलं नाही. शेवटी सुई न टोचता नुसती त्याच्याच पोटावर आडवी ठेवली आणि त्याचा श्वास खाली येईपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. दुपारी त्यानं सुई घेतली. पुढच्या सगळ्या घेतल्या, आणि दरवेळी आधी पिचकारी तपासून घेतली. हे सोपं प्रकरण होतं, कारण तो भितो हे सगळ्यांना दिसत होतं.

अमरावतीत अंबागेटाच्या आतल्या वकिलांच्या घरात ते कुणालाच दिसत नव्हतं.

वकिलांची बायको कुमुद. माहेर तिवशाचं, वडील शाळामास्तर. सगळे तिला वैनी म्हणत, मीही म्हणायची. घरात वकील, त्यांची आई म्हणजे माई, आणि कुमुदवैनी. वैनीचं सोवळं फार कडक, अशी गावात ख्याती होती. माई जुन्या वळणाच्या, पण सून त्यांच्यावर ताण. विहिरीवरून पाणी आणलं की हात धुवायची, दाराची कडी लागली की हात धुवायची, धुतलेले हात पुसल्यावर पुन्हा धुवायची. शेजारणी आपल्या सुनांना तिचा दाखला देत. देवळातल्या उत्सवाचा नैवेद्य करायला मुद्दाम तिला बोलावत. मी बाळंतपणाच्या आधी तिला तपासायला गेले तेव्हा तिच्या हातांना भेगा पडलेल्या, बोटांच्या पेरांतून रक्त आलेलं. माई कौतुकानं म्हणाल्या, “बाई, अशी सून नशिबानं भेटते.”

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला. मी त्याला पुसून आईच्या छातीशी लावला, आणि तिनं दोन्ही हात वर केले. कोपरं अंगाला चिकटवलेली, पंजे हवेत, बोटं ताठ. मूल पीत होतं आणि ती त्याच्याकडं न पाहता आढ्याकडं पाहत होती.

“वैनी, हात खाली घ्या. धरा त्याले.”

“तुमीच धरा, नर्सबाई.”

सोयराचे दहा दिवस म्हणजे त्या घरात बाळंतिणीच्या खोलीत कुणी यायचं नाही. सकाळी न्हाऊ घालणारी बाई यायची, सकाळ-संध्याकाळ मी. मधल्या वेळी खोलीत आई आणि मूल दोघंच. मूल रडायचं आणि आई शेजारी बसून रडायची, पण उचलायची नाही. हे मला उशिरा कळलं, तेही न्हाऊ घालणारीनं सांगितलं म्हणून. मी काट्याला झोळी अडकवून मुलाचं वजन केलं. ते उतरत होतं. आईचं दूध आटत चाललं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वकिलांना स्पष्ट सांगितलं की आई जवळ घेणार नसेल तर दुसरी पाजणारी पाहा, नाहीतर मूल हातचं जाईल.

वकिलांची बहीण शांता अकोल्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. तिच्या शेजारी एक लेकुरवाळी बाई पाजायला तयार होती. बारशाला शांता आली की परत जाताना मुलाला घेऊन जाईल, आणि मग तिकडंच वाढेल, असं वकिलांनी ठरवलं. ते निर्दय नव्हते. याआधी झालेलं पहिलं मूल आठवड्याच्या आत गेलं होतं, तेव्हापासून त्यांचा धीर सुटला होता.

“साहेब, बारशापर्यंत तिले माझ्याकडं द्या,” मी म्हटलं.

“द्यायला हरकत नाही. पण बारशाच्या दुसऱ्या दिवशीची बडनेऱ्याची गाडी मी चुकवणार नाही, बाई. मला पोरगा जगलेला पाहिजे. कुठंही जगो.”

त्या दिवशी मी वैनीजवळ खोलीत बसले आणि तिला बोलती केली. पहिल्या मुलाच्या वेळी सुईणीनं दिलेली राख तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या बेंबीवर दाबली होती. मूल धनुर्वातानं गेलं. पुढच्या वर्षी गावात बालसंगोपनावर व्याख्यान झालं, कंदिलाच्या उजेडानं पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात एक भलामोठा हात होता, त्यावर किडे वळवळत होते, आणि बोलणारी बाई म्हणाली की असे हात लेकराचा जीव घेतात. वैनी घरी आली आणि तिनं हात धुतले. ते धुणं अजून संपलं नव्हतं.

“हा पण मरन, नर्सबाई. माझ्या हातानं मरन.”

ते चित्र खोटं नव्हतं, आम्हीही तेच सांगत होतो. म्हणून मी तिला खोटा धीर दिला नाही. नाळ पडून गेली आहे, बेंबी सुकली आहे, आता राख नाही आणि विळा नाही. सकाळी एकदा हात धुतले की पुरे. हे मी एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगणार नाही असंही सांगितलं. कारण ती दर घटकेला विचारायची, “काही होणार नाही ना?” आणि हो म्हटलं की तिला घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तोच प्रश्न. ते उत्तरही तिला पाण्याच्या तांब्यासारखंच झालं होतं.

मग तांब्या बाहेर गेला. आधी जमिनीवर हात टेकवून तोच हात मुलाच्या दुपट्याच्या टोकावर ठेवायचा आणि धुवायचा नाही. तिचे ओठ पांढरे पडले. ती माझ्याकडं अशी पाहत होती की मीच तिच्या मुलावर उठले आहे. “पाणी द्या, मी पाया पडते तुमच्या,” म्हणाली. मी दारात बसून राहिले. बराच वेळ गेला. तिचा श्वास संथ झाला तेव्हा तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मग पाळण्याची दोरी, मग मुलाचं अंगडं, मग त्याच्या पायाचा अंगठा. अंगठ्याला हात लागला तेव्हा ती मोठ्यानं ओरडली आणि बाहेर माई घाबरून देवाचं नाव घेऊ लागल्या.

एका सकाळी गेले तो घरात आनंदीआनंद. वैनीनं मुलाला उचलून घेतलं होतं. माईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी खोलीत पाहिलं तर तिनं सोवळ्याची धाबळी, म्हणजे ती लोकरीची घोंगडीवजा चादर, हातांना गुंडाळून त्यात मूल धरलं होतं. मलाही क्षणभर वाटलं, चला, झालं. पण तिच्या चेहऱ्यावर भीती तशीच होती, फक्त ती धाबळीच्या पलीकडं उभी होती. मी म्हटलं, “वैनी, धाबळी काढा.” तिनं मूल ताबडतोब पाळण्यात ठेवलं आणि भिंतीकडं तोंड केलं. माई मला म्हणाल्या, “काहून छळून राहिली तिले? धाबळीनं का होईना, घेऊन राहिली ना?” मी म्हटलं, धाबळी वाळत पडली म्हणजे पोरानं काय करायचं? आणि धाबळी बंद केली.

दुसऱ्या दिवशी आमचं सगळं मागं गेलं. वैनी शांत दिसत होती, फार शांत. हात मुलाच्या पोटरीवर ठेवायची आणि तोंडावर सुरकुतीही नाही. मला शंका आली. मागच्या खिडकीच्या गजाशी ओलं दिसलं. माझी पाठ वळली की माई तिथून पाण्याची झारी आत सरकवत होत्या. सुनेचं कळवळणं त्यांना बघवत नव्हतं.

मी मागल्या अंगणात गेले. मी माळीण आणि त्या घरात माझं येणंजाणं मागच्याच दारानं, त्यामुळं बोलायला जागा सोयीची होती.

“माई, तुमी माया करून राहिल्या, पण त्या पाण्यानं पोरगं अकोल्याले जाते.”

“माझ्या घरात मले सोवळं शिकवते का तू?”

“सोवळं नाई, माई. वैनी सोवळं पाळत नाई. भिऊन राहिली ती. तुमाले वाटलं देवाचं आहे, म्हणून कोणी विचारलं नाई.”

माई तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या. राग गेला नव्हता, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी म्हणाल्या, “सोवळं देवाच्या खोलीत असते, बाई. लेकराजवळ कोणतं आलं सोवळं? माझी पोरं माझ्या मांडीवर मुतून वाढली.” मग झारी घेऊन त्या उठल्या आणि सोयर फिटायच्या आधीच, पहिल्यांदा, त्या खोलीत जाऊन सुनेजवळ बसल्या. त्या दिवसापासून पाणी मागितलं की माई तिचा हात आपल्या हातात धरून बसत, पण उठत नसत.

बारसं झालं. शांता आली. उंच, गोरी, कमी बोलणारी. तिनं मुलाला घेतलं आणि ते तिच्याकडं टक लावून पाहत राहिलं. वैनी तोवर पाठीवर, पायांवर उघडा हात ठेवू लागली होती. पाजताना पंजे हवेत जात नव्हते. वजन उतरायचं थांबलं होतं. पण उघड्या हातांनी उचलणं नाही, आणि तोंडाला, ओठांना हात नाही. मला अजून थोडा वेळ हवा होता. वकिलांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मला दिलेला वेळ संपला होता, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा दारात आला. शांता पाटावर बसली, पदर मांडीवर पसरला. वकील मला म्हणाले, “बाई, द्या त्याला शांताच्या ओटीत.”

माझे पाय जागचे हलले नाहीत. ओटीत घालायचं ते आईनं, ही आमच्याकडची रीत. तसं मी म्हणाले. तोंडातून गेलं आणि मग माझी छाती धडधडायला लागली, कारण तिनं हात मागं घेतला असता तर घरादारासमोर मागं घेतला असता, आणि मग तिला सावरायला मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. मी माईंकडं पाहिलं.

“आईच्याच हातानं जाईल,” माई म्हणाल्या.

वैनी पाळण्याजवळ उभी राहिली. सकाळपासून माझ्या सांगण्यावरून तिनं चूल सारवली होती, केर काढला होता, आणि हात एकदाच धुतले होते. तिनं वाकून हात पुढं केले. मागं घेतले. “माई, पाणी,” म्हणाली. माईंनी दोन्ही हात आपल्याच मांडीखाली दाबून धरले आणि त्या मान खाली घालून बसल्या. बाहेर टांगेवाल्यानं हाक दिली. वकिलांनी घड्याळ काढलं. आता माझ्या बोलण्यानं ती उचलती तर ते माझं उचलणं झालं असतं.

तिनं पुन्हा हात घातले आणि मूल उचललं. उघड्या हातांनी. ते खांद्याशी नीट बसेना म्हणून तिनं हात बदलला, तेवढ्यात त्यानं तोंड वळवलं आणि तिचं बोट तोंडात धरून चोखायला लागलं.

वैनीचा चेहरा राखेसारखा झाला. घाम कपाळावरून गळ्यापर्यंत उतरला. सारं अंग थरथरत होतं आणि मूल मजेत बोट चोखत होतं. ती बोट ओढून घेईल, मूल टाकेल, मोरीकडं पळेल, यातलं काहीही होऊ शकलं असतं, आणि ते झेलायला मी दोन हात पुढं करून उभी होते.

“शांते, गाडी,” वकील हळूच म्हणाले.

“दादा, चुप राहा,” शांता म्हणाली.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच दिसत होतं की वैनीचे खांदे खाली येत आहेत. थोडे, मग आणखी थोडे. मग तिनं पहिल्यांदा आपल्या मुलाकडं नीट पाहिलं. बोट तिनं काढून घेतलं नाही. तिच्यापासून शांताचा पाट दोन पावलांवर होता. ती तिकडं गेली नाही.

“वन्सं,” ती म्हणाली, “मी याले देत नाई.”

वकिलांनी घड्याळ खिशात टाकलं आणि भिंतीकडं वळून उपरण्यानं तोंड पुसलं. माई रडू लागल्या. माझं लक्ष शांताकडं गेलं. मांडीवर पसरलेला पदर तिनं दोन्ही हातांनी सावकाश गोळा केला, खांद्यावर घेतला आणि उठली. वैनीजवळ जाऊन तिनं मुलाच्या टाळूवरून हात फिरवला.

“भुकेला आहे तो, वैनी. पाज त्याले,” ती म्हणाली. मग दाराकडं जाता जाता भावाला म्हणाली, “चाल दादा. माझी एकटीचीच पेटी घे.”